बाक वाजवून शिकवलेलं इंग्रजी

इंग्रजीतल्या 'ली' या एका तुकड्यापायी माझं अर्धं आयुष्य गेलं, असं माझे यजमान आल्यागेल्याला सांगतात. त्यात तक्रार कमी आणि कौतुक जास्त असतं, असं मी धरून चालते. नोकरी धुळ्याच्या शाळेत झाली. निवृत्त झाल्यावर मुलाजवळ राहायला जळगावला, पिंप्राळ्यात आले, आणि महिन्याभरात सून आणि मी दोघीही एकमेकींच्या सतत समोर असण्याला कंटाळलो. मग एका पिठाच्या गिरणीच्या वरची खोली भाड्यानं घेतली. गावात इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांच्या पाट्यांवर टाय बांधलेला तरुण हसत असतो. मी पाटीवर एवढंच लिहून घेतलं: 'इंग्रजी उच्चार सुधारून मिळतील'. घड्याळं दुरुस्त करून मिळतात तसं हे काहीतरी असावं, असं वाटून लोक यायला लागले.

बाहेरच्या माणसाला या धंद्यात सुधारायचं ते काय, असं वाटेल. म्हणून थोडं सांगते. आपल्या मराठीत एखादा शब्द कितीही लांबवा, समजा 'शेजाऱ्यांकडच्यांसाठीसुद्धा', तरी पंगतीत वाढल्यासारखं प्रत्येक अक्षराला सारखं माप मिळतं. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. इंग्रजीत तसं नसतं. तिथं एका शब्दात एकच अक्षर पाटावर बसतं आणि बाकीची दाटीवाटीनं, अंग चोरून बसतात. त्या एका अक्षराला मी वर्गात 'वजनाचं अक्षर' म्हणायची. वजन चुकीच्या जागी पडलं, की सगळी अक्षरं बरोबर असूनही समोरच्याला शब्द कळत नाही. आपण तोच शब्द आणखी मोठ्यानं म्हणतो, आणि त्याला तो आणखी कळत नाही.

आता गंमत अशी, की हे वजन कुठं पडायचं ते पुष्कळदा शब्दाची शेपटी ठरवते. 'फोटोग्राफ'मध्ये वजन 'फो'वर आहे. तोच शब्द 'फोटोग्रॅफिक' झाला, की 'इक' म्हणते, वजन माझ्या शेजारी पाहिजे, आणि ते उचलून 'ग्रॅ'वर आणते. पुढं 'ली' लावून 'फोटोग्रॅफिकली' करा, वजन तिथंच राहतं. 'ली' मोठी सज्जन आहे. ती शेवटी येऊन कोपऱ्यात बसते आणि कुणालाही हलवत नाही. 'अनफॉर्च्युनेटली' एवढा लांब शब्द, पण वजन अजून 'फॉर'वरच. उलट 'अपॉलॉजी'मध्ये 'पॉ'वर असलेलं वजन 'अपॉलॉजेटिकली'मध्ये दोन घरं पुढं, 'जे'वर जातं, कारण मध्ये पुन्हा ती 'इक' घुसलेली असते. लिहिताना तिच्यापुढं आणखी एक 'अल' असतो, पण बोलताना त्याला कुणी विचारत नाही. 'नियस'ही 'इक'सारखीच, 'सायमल्टेनियसली'त ती वजन ओढून 'टे'वर ठेवते. इंग्रजीच्या स्पेलिंगनं मला आयुष्यभर छळलं, पण या शेपट्यांचं राज्य मात्र मला पहिल्यापासून फार आवडलं. कुणीतरी बसून, विचार करून, घर लावावं तसं ते लावलेलं आहे.

आमच्या खानदेशी मुलांची अडचण वेगळीच. आपल्याकडं वाक्याच्या शेवटाला एक हेल असतो. मुलं 'डेफिनेटली' म्हणायची आणि ती 'ली' मुक्ताईनगरपर्यंत ओढायची. बिचारीच्या डोक्यावर नको ते वजन. यावर मी धुळ्याला असतानाच एक उपाय काढला होता. वजनाचं अक्षर आलं, की तळहातानं बाक वाजवायचा. बाकीच्या अक्षरांना हात वर ठेवायचा. पाढे म्हणायची सवय असलेल्या पोरांना ते लगेच जमलं. पुढं गिरणीच्या वरच्या खोलीतही तेच. खाली दळण चालू, वर आमची ठकाठक. गिरणीवाले भाऊ म्हणायचे, "मॅडम, तुमचं दळण माझ्यापेक्षा मोठ्यानं चालतं."

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची आली. रावेरकडचे एक केळीचे व्यापारी होते, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. धोतर, पांढरी टोपी आणि खिशात दोन मोबाइल. त्यांची केळी परदेशी जायची आणि तिकडच्या माणसाशी फोनवर बोलताना मधल्या दलालाची मध्यस्थी त्यांना नको होती. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आपल्याले काई लय इंग्रजी नको. फक्त 'माल नक्की निघतो' इतकं त्याले पटलं पाहिजे." मी म्हटलं, मग 'डेफिनेटली' शिका. त्यांनी तो एक शब्द इतका घोटला, 'डे'वर असं काही वजन दिलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, कंटेनर हलला. महिन्याभरानं पेढे घेऊन आले. तो परदेशी माणूस म्हणे दलालाला म्हणाला, यापुढं मी त्या डेफिनेटली सरांशीच बोलणार.

दुसरे एक औषध कंपनीचे प्रतिनिधी. हुशार तरुण, पाठ चोख. एका मोठ्या डॉक्टरांपुढं नव्या गोळीची माहिती देत होते. 'क्लिनिकली' आलं, टेबलावर हात पडला. 'सिग्निफिकंटली' आलं, पुन्हा हात. 'स्टॅटिस्टिकली'ला डॉक्टरांचा चहा सांडला. डॉक्टरांना वाटलं, पोरगा चिडलाय. मला हे त्या प्रतिनिधींनीच हसत हसत सांगितलं आणि मीही पोट धरून हसले. त्यात हसण्यापलीकडं काही नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग मनीषा आली. शिंदखेड्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. घरची कोरडवाहू शेती, वडील ट्रॅक्टर चालवायचे. धुळ्याला कॉलेजात फिजिक्स घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली, आणि आता मामाकडं पिंप्राळ्यात राहून परीक्षा देणारी. विमानांना उतरायचं कधी, उडायचं कधी, थांबायचं कुठं, हे मनोऱ्यात बसून रेडिओवरून सांगणारी माणसं असतात, त्या नोकरीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. खेड्यातल्या शाळेतून आलेल्या मुलीनं ती कशी काढली असेल, त्याचं मला आजही नवल वाटतं. आता राहिली होती आवाजाची चाचणी. मायक्रोफोनसमोर बसून इंग्रजी उतारा वाचायचा, आणि पलीकडं बसलेल्या अधिकाऱ्यांना तो नीट कळला पाहिजे.

तिच्याबरोबर तिची आई आली होती. गावात सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. हिरवं नऊवार, कपाळाला मोठं कुंकू आणि बोलणं थेट. बसल्या बसल्या त्यांनी मला सांगून टाकलं, "मॅडम, साक्रीनं स्थळ शे. पोऱ्या चांगला शे. आवाजमा पास व्हयनी तं व्हयनी, नही तं वैशाखमा लगीन. त्यानापुढे मी थांबाव नही."

मनीषा खाली मान घालून बसली होती. मी तिला एक उतारा वाचायला दिला. तिनं वाचायला सुरुवात केली आणि मला कळलं, की काम मोठं आहे. बोलणं पाण्याच्या लोंढ्यासारखं. शब्दाला शब्द चिकटलेला आणि प्रत्येक लांब शब्दाच्या शेपटीवर हेल. 'इमीडिएटली' म्हणायला तिला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात मी दोनदा शिंकले असते. मी विचारलं, "तुला स्वतःला वाटतं का, जमेल?" तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "मॅडम, लेखी पास व्हयनी तवय बी सगळा असंच इचारत व्हतात," ती म्हणाली. मला ती त्या क्षणी आवडली.

शिकवण्यात मुरलेल्या माणसाला एक लोभ असतो, चांगली माती हाताला लागली की चाक सोडवत नाही. मनीषा सकाळी यायची, दुपारी यायची, आणि मधल्या वेळात गिरणीच्या ओट्यावर बसून पुटपुटायची. मी तिला शब्दांच्या माळा दिल्या. 'अप्रॉक्झिमेटली', वजन 'प्रॉ'वर. 'अल्टर्नेटिव्हली', वजन 'टर'वर. हवामानाचा उतारा आला तर असू द्यावा म्हणून 'मीटिऑरॉलॉजिकली'सुद्धा दिला, सगळं वजन 'लॉ'वर आणि आधीची पलटण घाईघाईनं. अक्का एकदा भावाकडं मुक्कामाला असताना मुलीचा डबा घेऊन आल्या, त्यांनी तो शब्द ऐकला आणि तोंडाला पदर लावला. "हाऊ शब्द शे का आगगाडी?" म्हणाल्या.

आणि काय सांगू, पोरगी सुधारली. खरंच सुधारली. शब्दाला आकार आला, मध्ये श्वास आला. मी यजमानांना रोज जेवताना तिची बातमी द्यायची, ते म्हणायचे, आता विमान उतरवा आणि भाजी वाढा.

चाचणी आठवड्यावर आली असताना मी तिला म्हटलं, एकदा मोबाइलवर तुझं वाचन ध्वनिमुद्रित कर, म्हणजे मायक्रोफोनची सवय होईल. तिनं केलं. आम्ही दोघी ऐकायला बसलो. आवाज सुंदर आला होता, आणि त्यात लांब शब्द आला की प्रत्येक वेळी 'ठक्'. वर्गात ते आमच्या कानांना ऐकूच यायचं नाही, इतकं ते सवयीचं झालेलं. मोबाइलमधून मात्र कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटत होतं. मी म्हटलं, ठीक आहे, हात मांडीखाली घे आणि पुन्हा वाच. तिनं हात मांडीखाली घेतले, आणि सगळं वजन नाहीसं झालं. 'इमीडिएटली' पुन्हा पंगतीत बसली, सगळ्यांना सारखं माप. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. तिनं हात मांडीखालून काढून त्यांच्याकडं बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "मना हात बोलस. मी नही."

औषधवाल्या पोराचा सांडलेला चहा मला आठवला, आणि या वेळी हसू आलं नाही. जो आधार मी कौतुकानं सगळ्यांच्या हातात दिला होता, तो काढून कसा घ्यायचा, याचा मी कधी विचारच केलेला नव्हता. मी तिला म्हटलं, बूट घालून अंगठ्यानं ठोक, कुणाला ऐकू येणार नाही. तिनं तेही करून बघितलं, पण मग खुर्ची करकरायला लागली. दुसऱ्या दिवशी ती गावाला निघून गेली. मामा म्हणाले, "घरी जाते म्हणाली. कारण काही सांगितलं नाही." मला वाटलं, संपलं. साक्रीच्या मुलाची मी मनातल्या मनात बरीच खरडपट्टी काढली, त्याचा काही दोष नसताना.

त्याच आठवड्यात धुळ्याला एका जुन्या सहकारी बाईंच्या घरी कार्य होतं. ते उरकून मी तशीच एसटी धरली आणि मनीषाच्या गावी गेले. समजूत घालायची, एवढंच ठरवलं होतं. कशाची समजूत ते मलाही नीट माहीत नव्हतं. फाट्यावर उतरून चालत निघाले. तिकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, बायका हातपंपावरून आणतात. चढावर समोरून बायकांची रांग येत होती. त्यात डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, एक हात हंड्याला आणि दुसऱ्याची कळशीला मिठी, अशी मनीषा येत होती. तिचे ओठ हलत होते.

मी वाटेत उभी राहिले. ती जवळ आली तसं ऐकू आलं, "इमीडिएटली. अप्रॉक्झिमेटली. अल्टर्नेटिव्हली." वजन जिथल्या तिथं आणि हंडा जागचा हललेला नाही.

मागून येणारी एक बाई मला म्हणाली, "बाई, तुम्ही तिना मास्तरीन शेतस का? पोरले काय व्हयनं ते दखा जरा. तीन-चार रोज व्हयनात, बडबड करी ऱ्हायनी."

मनीषा हसली, पण हंडा उतरवेपर्यंत थांबली नाही. ओट्यावर बसल्यावर तिनं सांगितलं. हात अडकवून ठेवायचे म्हणून तिनं हे सुरू केलं होतं. पहिल्या दिवशी हाताचं काम मानेनं घेतलं, प्रत्येक वजनाला मान हलायची आणि पाणी अंगावर. "बठ्ठी वली व्हई गयी मी," ती म्हणाली. नंतर मान थांबली, तर खांदा उडायला लागला. तोही थांबवला. ठोकायला अंगात काहीच उरलं नाही, तेव्हा वजन पोटातून आवाजात आलं. तिनं माझ्यासमोर रिकाम्या हातांनी म्हणून दाखवलं. दोन्ही हात मांडीवर नुसते पडलेले होते, आणि 'सायमल्टेनियसली'चा 'टे' असा स्वच्छ उभा राहिला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खूप मुलांना शिकवलं, पण माझी शिकवण मोडून तिच्यातलं चांगलं तेवढं ठेवणारी हीच एक. अक्का चहा घेऊन आल्या, मला रडताना बघितलं आणि त्यांना वाटलं, पोरगी आता नापास होणार. समजूत घालायला गेलेली मी, उलट त्याच माझी समजूत घालू लागल्या.

चाचणी झाली. संध्याकाळी फोन आला. मी घाईघाईनं विचारलं, कोणते शब्द आले? पलीकडं ती हसायलाच लागली. "मॅडम, एकबी लांब शब्द नव्हता. एका बंदराचा उतारा होता. शिप, पोर्ट, रोप, असलेच सगळे. 'ली'वाला तर एकसुद्धा नाही."

मी फोन हातात धरून पलंगावर बसले. त्या सगळ्या माळा, ती आगगाडी, तो हंडा. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे पेपर सोपा गेला म्हणायचा." त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण निवड झाली. यादीत नाव आलं. साक्रीचं स्थळ गेलं, आणि तो मुलगा नंतर चांगल्या ठिकाणी उजवला गेला असं कळलं, बरं वाटलं. मनीषा प्रशिक्षणाला गेली, मग दक्षिणेत कुठल्याशा विमानतळावर नेमणूक झाली. दिवाळीला फोन यायचा. मी वर्गात हात वाजवणं बंद केलं नाही, कारण सुरुवात त्याशिवाय होत नाही. पण आता महिनाभर झाला की सगळ्यांच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेले पेले देते. खोली पुसायला बाई येतात, त्या मला मनातून शिव्या देत असणार.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. ती अजून शिकाऊच होती, पाठीमागं ज्येष्ठ अधिकारी बसलेले. एका विमानाला उड्डाणाची परवानगी दिलेली आणि ते धावायला लागलेलं. तेवढ्यात कुंपणाच्या कुठल्या भोकातून कोण जाणे, कुत्र्यांची टोळी धावपट्टीवर आली. मागच्या अधिकाऱ्यांनी तोंड उघडायच्या आत ही बोलली. अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, 'स्टॉप इमीडिएटली', आणि दोनदा म्हणायचं असतं, पहिल्यांदा कळलं नाही तर म्हणून.

"पहिल्यांदाच कळलं त्याला, मॅडम," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यानं ब्रेक लावले होते."

मला आनंद झाला म्हणणं फार कमी आहे. आयुष्यभर मी हे शब्द मार्कांसाठी शिकवले, मुलाखतींसाठी शिकवले, केळीसाठी शिकवले. त्यातल्या एकानं धावतं विमान थांबवलं होतं. त्यात बसलेल्या माणसांना ते कधी कळणारही नाही. कुणीतरी वैतागून घड्याळ बघितलं असेल, कुणी उशीर झाला म्हणून घरी फोन केला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला. मनीषानं त्यांनाही सांगितलं होतं. त्यांना धावपट्टी, ब्रेक यातलं फारसं काही समजलं नव्हतं, मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या मधूनमधून "मंग?" म्हणत होत्या.

"मंग तिनी थांब म्हनं, आनि ते थांबनं?"

"हो अक्का."

"इतलं मोठं?"

"हो."

मग सावकाश म्हणाल्या, "घरमा तिनं कोनी आयकंच नही, मॅडम. तिना बापनी नही, मी बी नही."

समजूत घालावी असं त्यात काही नव्हतं, ते खरंच होतं. मी नुसती "हं" म्हणाले.

"धाकली बी शे," अक्का म्हणाल्या. "यंदा बारावी व्हयनी. ती काय म्हनस ते मी काल रातले पयलांदा इचारं. तिले तुमनाकडे कधी धाडू?"